जहाजे तितकीच, जागा कमी

ऑक्टोबर २०२३ मध्ये जहाज कंपन्या रडकुंडीला आल्या होत्या. करोनानंतरच्या तेजीत मागवलेली नवी जहाजे गोदीतून एकामागून एक बाहेर पडत होती आणि ती भरण्याइतका माल बाजारात नव्हता. मुख्य मार्गांवर चाळीस फुटी कंटेनर नेण्याचा सरासरी दर दीड हजार डॉलरच्याही खाली घसरला होता. पुढची दोन-तीन वर्षे जागा उतू जाणार, असेच सगळे धरून चालले होते. तीन महिन्यांत चित्र पालटले. जानेवारी २०२४ अखेर तोच दर चार हजार डॉलरच्या घरात गेला आणि निर्यातदार बुकिंगसाठी फॉरवर्डरच्या मागे लागले. मधल्या काळात जगाची मागणी तिप्पट झाली नव्हती, एकही कंटेनर जहाज बुडाले नव्हते, ताफा उलट थोडा वाढलाच होता. मग जागा गेली कुठे?

ती गेली आफ्रिकेच्या वळशात. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारवाहू जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतले. त्यानंतर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सुरू झाले. डिसेंबरच्या मध्याला बड्या कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडला आणि आशिया-युरोप वाहतूक केप ऑफ गुड होपला वळसा घालून सुरू केली. सिंगापूरहून रॉटरडॅमला जाताना त्यामुळे सुमारे साडेतीन हजार सागरी मैल वाढतात, म्हणजे दहा ते चौदा दिवस. मुंबईला हा वळसा त्याहून जड. सुएझने युरोप आपल्या जितका जवळ आणला होता तितका तो सिंगापूरच्या जवळ आणला नव्हता, त्यामुळे तो मार्ग मिटल्यावर गमावण्यासारखेही आपल्याकडेच अधिक होते.

घाटात दरड कोसळली आणि एसटी लांबच्या वाटेने जाऊ लागली, तर डेपोतल्या गाड्या तेवढ्याच राहतात, फेऱ्या मात्र कमी होतात आणि स्टँडवरची गर्दी वाढते. समुद्रावर हेच घडले, फक्त गाडीची लांबी चारशे मीटर होती. एखाद्या कंपनीला दर आठवड्याला एक जहाज शांघायहून युरोपला सोडायचे आहे आणि जाऊन येऊन फेरीला ८४ दिवस लागतात असे धरू. आठवड्याचे वेळापत्रक टिकवायला १२ जहाजे लागतील. जाता-येता दहा-दहा दिवस वाढले की फेरी १०४ दिवसांची होते आणि त्याच वेळापत्रकाला १५ जहाजे लागतात. ती तीन जादा जहाजे मिळाली नाहीत, तर काही आठवडे जहाज सुटतच नाही. जहाजे बाराच आहेत, त्यांच्या पोटातली जागाही तेवढीच आहे. पण वर्षभरात वाहून होणारा माल पाचव्या हिश्शाने घटला.

या पुस्तकाचा कणा हा एवढा हिशोब आहे. मालवाहतुकीची क्षमता जहाजांच्या यादीत दिसत नाही. ती जहाज, अंतर, वेग आणि बंदर या चौघांच्या मेळातून तयार होते. त्यातला एक जरी बिघडला तरी बाकी तिघे असून नसल्यासारखे होतात. गेल्या काही वर्षांतली जवळजवळ प्रत्येक मोठी अडचण या मापाने समजून घेता येते. आणि दुसरी गोष्ट, जी वाचकाला पानोपानी भेटेल, ती अशी की या मेळातली सैल जागा, म्हणजे अडीअडचणीला उपयोगी पडणारी शिल्लक, कोणी तरी ठरवून काढून टाकलेली असते. तिचा खर्च ज्याच्या माथी पडतो त्याला ती नकोच असते, आणि ती नसल्याची झळ बहुधा दुसऱ्याच कोणाला बसते.

ही शिल्लक कशी आटत गेली ते समजायला १९५६ पर्यंत मागे जावे लागते. २६ एप्रिल १९५६ रोजी न्यू जर्सीतल्या नेवार्कहून ‘आयडियल एक्स’ हे जुने तेलवाहू जहाज डेकवर ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाले. त्यामागचा माणूस, माल्कम मॅक्लीन, दर्यावर्दी नव्हता. त्याचा धंदा ट्रकचा. गोदीत गोणी, पिंपे, गासड्या एकेक करून चढवण्यात जहाजाचे दिवसच्या दिवस जातात, हे त्याने पाहिले होते. सुटा माल चढवायला त्या काळी टनामागे ५.८६ डॉलर लागत, पेटीबंद माल चढवायला १६ सेंट पुरले. मुंबईच्या गोदीतही पूर्वी माल असाच माणसांच्या पाठीवरून चढत-उतरत असे. पेटी आली, तिची मापे जगभर सारखी ठरली आणि बंदरातला मुक्काम दिवसांवरून तासांवर आला. जहाज बंदरात कमी आणि समुद्रात जास्त राहू लागले, म्हणजे त्याच जहाजाची क्षमता वाढली.

पुढची पायरी आकाराची. जहाज जितके मोठे तितका एका पेटीमागचा खर्च कमी, म्हणून जहाजे फुगत गेली. आजची सर्वांत मोठी कंटेनर जहाजे वीस फुटी मापाच्या २४ हजारांहून अधिक पेट्या नेतात. पण अशा जहाजाला लागणारी खोली, धक्का आणि क्रेन मोजक्याच बंदरांत मिळतात. एका वेळी हजारो पेट्या उतरल्या की यार्ड तुंबते, ट्रेलरच्या रांगा लागतात, मग चार दिवस सगळे शांत. स्वस्ताई समुद्रावर झाली आणि तिचा ताण किनाऱ्यावर आला.

तिसरी पायरी मालकीची. दर कोसळले की कंपन्या बुडतात किंवा एकमेकींत विलीन होतात. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण कोरियाच्या ‘हांजिन’ने न्यायालयाकडे संरक्षण मागितले, तेव्हा ती जगातली सातव्या क्रमांकाची कंटेनर कंपनी होती. तिची जहाजे समुद्रातच अडकली, कारण पैसे मिळतील की नाही या शंकेने बंदरे त्यांना आत घेईनात आणि आत गेलेले जहाज जप्त होण्याची भीती होती. सुमारे १४ अब्ज डॉलरचा माल लटकला. जे वाचले त्यांनी धडा घेतला आणि जोड्या जमवल्या. २०१७ पासून मोठ्या मार्गांवर तीन युतींचे राज्य सुरू झाले. युतीतल्या कंपन्या एकमेकींच्या जहाजांवर जागा वाटून घेतात. पहिल्या दहा कंपन्यांच्या हाती आज जगातल्या कंटेनर क्षमतेचा चार पंचमांशाहून अधिक वाटा आहे. माल कमी दिसला की ठरलेली फेरीच रद्द करायची, ज्याला धंद्यात ‘ब्लँक सेलिंग’ म्हणतात, हे त्यांना आता सहज जमते. दर सावरायला ते उपयोगी. ज्याची पेटी धक्क्यावर राहिली त्याच्यासाठी मात्र तो आठवडा गेलाच.

करोनाने या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी उघड्या पाडल्या. २०२० च्या वसंतात मागणी कोसळणार या अंदाजाने कंपन्यांनी जहाजे नांगरून ठेवली. जगाच्या कंटेनर ताफ्यातला दहाव्या हिश्शाहून मोठा भाग रिकामा उभा होता. पण घरात कोंडलेल्या अमेरिकनांनी हॉटेल आणि सहलींवरचा पैसा टेबले, टीव्ही, व्यायामाची यंत्रे यांवर उधळला आणि ते सारे पॅसिफिक ओलांडून यायचे होते. लॉस एंजेलिस आणि लाँग बीचसमोर रांग लागली. जानेवारी २०२२ मध्ये तिथे १०९ कंटेनर जहाजे वाट पाहत होती. उभे असलेले जहाज ताफ्यात मोजले जाते, कामात नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये चाळीस फुटी पेटीचा सरासरी जागतिक दर दहा हजार डॉलरच्या पुढे गेला. महामारीपूर्वी तो दीड हजाराच्या आसपास असे.

पेट्यांचेही तेच. भरलेली पेटी अमेरिकेत गेली की ती तिकडची शेती-उत्पादने भरून परत येई. आता चीनकडून अमेरिकेकडे जाण्याचे भाडे इतके चढले, की परतीच्या मालासाठी थांबण्यापेक्षा पेटी रिकामी माघारी नेणे कंपन्यांना परवडू लागले. भारतात २०२० च्या अखेरीस निर्यातदारांना मालाला गिऱ्हाईक होते, पेटी नव्हती. आपली आयात मंदावली होती आणि आपल्या निर्यातीला लागणाऱ्या पेट्या बऱ्याच अंशी आयातीबरोबरच येतात. जगात बनणाऱ्या नव्या कंटेनरांपैकी जवळजवळ सगळे चीनमध्ये तयार होतात, त्यामुळे टंचाई दूर करण्याची चावीही तिथेच होती. बुक केलेला कंटेनर ‘रोल’ होणे, म्हणजे या जहाजावरून पुढच्या जहाजावर ढकलला जाणे, हे त्या वर्षी न्हावा-शेव्याच्या भोवतीच्या प्रत्येक कचेरीत रोजचे झाले.

त्याच गर्दीत २३ मार्च २०२१ रोजी धुळीच्या वाऱ्यात ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात तिरके होऊन रुतले. सहा दिवस जगाच्या व्यापारातला सुमारे १२ टक्के हिस्सा नेणारी वाट बंद होती आणि सुटका झाली तेव्हा चारशेच्या आसपास जहाजे खोळंबली होती. जहाजावरचे २५ जण भारतीय होते. समाजमाध्यमांवर फिरलेल्या, हसू आणणाऱ्या चित्रांच्या पलीकडे या प्रसंगात एक गोष्ट होती, जी फारशी कोणी पाहिली नाही. मालकाने ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केले. समुद्री व्यापाराचा हा फार जुना नियम: जहाज आणि माल वाचवण्यासाठी झालेल्या असाधारण खर्चात, ज्यांचा माल जहाजावर आहे त्या सर्वांनी आपापल्या हिश्शाने भर घालायची. हमी दिल्याशिवाय पेटी हातात येत नाही. विमा न काढलेल्या लहान व्यापाऱ्याला आपण एका महाकाय जहाजाच्या नुकसानीचे भागीदार आहोत, हे असे अचानक कळते. तेही लगेच नाही, कारण भरपाईच्या वादात जहाज ७ जुलैपर्यंत कालव्यातच अडकवून ठेवले होते.

सुएझ वाऱ्याने अडले, पनामा पावसाअभावी. पनामाचा कालवा गोड्या पाण्यावर चालतो. प्रत्येक जहाज जलपाशांतून चढवता-उतरवताना गाटून तलावाचे प्रचंड पाणी समुद्रात जाते, आणि त्याच तलावातून पनामा सिटीच्या लोकांना प्यायचे पाणी मिळते. २०२३ मध्ये पाऊस ओढल्यावर रोजची सुमारे ३६ जहाजांची संख्या २४ पर्यंत आणि त्याखालीही न्यावी लागली. त्या नोव्हेंबरात एका जहाजाने रांग टाळण्यासाठी लिलावात जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले. नियमित वेळापत्रकाच्या कंटेनर जहाजांची आरक्षणे आधीच झालेली असल्याने ती बरीचशी निभावली. हाल झाले धान्य आणि गॅस नेणाऱ्यांचे. रांगेत उभे असलेले सगळे सारखे नसतात, हेही इथे नोंदवायला हवे.

ही झाली दूरची ठिकाणे. महाराष्ट्राच्या वाचकाला हा विषय पाहायला सातासमुद्रापार जायची गरज नाही. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि आज ते वर्षाला वीस फुटी मापाचे ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, शेकडो पेट्या पाण्यात तरंगू लागल्या, तेल किनाऱ्याला लागले आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाट काही दिवस बंद झाली, कारण दोन्ही बंदरांत जायचा सागरी मार्ग एकच आहे. कोळ्यांचा धंदा बसला, मासळी घ्यायला लोक धजेनात. दुसरा प्रसंग पाण्याशी संबंध नसलेला. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मर्स्क कंपनीची संगणक-व्यवस्था जमीनदोस्त केली आणि न्हावा-शेव्यातले तिच्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. क्रेन उभ्या होत्या, धक्का रिकामा नव्हता, पण कोणती पेटी कोणाची हे सांगणारे कोणी उरले नव्हते. कंपनी पुन्हा उभी राहिली ती घानातल्या एका सर्व्हरच्या आधाराने. तिथे नेमकी वीज गेलेली असल्यामुळे तो जाळ्याबाहेर राहिला होता. एवढ्या बलाढ्य व्यवस्थेची राखीव प्रत योगायोगाने उरली, कोणाच्या नियोजनाने नव्हे.

भारताची आणखी एक अडचण खोलीची. बड्या जहाजांना पुरेल इतके खोल पाणी आपल्या बहुतेक बंदरांत नसल्याने दुसऱ्या जहाजावर चढवाव्या लागणाऱ्या आपल्या मालापैकी सुमारे तीन चतुर्थांश वर्षानुवर्षे कोलंबो, सिंगापूर, क्लांग इथे उतरत-चढत आला. म्हणजे कोलंबोत गर्दी झाली की आपला माल तिथे अडकतो आणि तिथल्या रांगेवर आपला काडीचाही अधिकार नसतो. केरळातले विळिंजम बंदर २०२४ च्या डिसेंबरात सुरू झाले ते याच कारणाने. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणचे समर्थनही याच मुद्द्यावर होते. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. किनाऱ्याजवळच मिळणारे वीस मीटरच्या आसपासचे पाणी हे तिथले भांडवल. पण तेच पाणी मच्छीमारांचेही भांडवल आहे, आणि डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. क्षमता वाढवायची म्हटले की ती कोणाच्या तरी अंगणात वाढते. या पुस्तकात त्या वादाचा निकाल लावलेला नाही. पण बंदराचे आकडे मांडताना कोळीवाड्यांचे म्हणणे तळटीपेत ढकलायचे नाही, एवढे पथ्य पाळले आहे.

आता किमतीचा प्रश्न. २०२२ मध्ये एकट्या मर्स्कने सुमारे २९ अब्ज डॉलर नफा कमावला. टंचाईचा लाभ टंचाई सोसणाऱ्याला नव्हे, जागा ज्याच्या हाती आहे त्याला होतो, याचा याहून ठळक दाखला शोधायला नको. मोठ्या आयातदारांचे वर्षभराचे करार असतात. लहान निर्यातदार त्या दिवशीच्या दराने जागा घेतो. नाशिकच्या द्राक्षांचे पाहा. युरोपला जाणारा हंगाम जानेवारी ते एप्रिल एवढाच. माल रीफर म्हणजे शीत कंटेनरमध्ये, तापमान ठरलेले, आणि घड तोडल्यापासून दिवस मोजायला सुरुवात होते. २०२४ चा हंगाम नेमका तांबड्या समुद्राच्या संकटात सापडला. पोलाद दोन आठवडे उशिरा पोचले तर व्याज वाढते. द्राक्ष दोन आठवडे उशिरा पोचले तर त्याची प्रत घसरते आणि दुकानातले आयुष्य घटते. भाडेही वाढले, भावही हातचा गेला, आणि बागायतदाराने यात काही चुकीचे केले होते असे नाही. सुएझच्या वाहतुकीचा निम्म्याहून अधिक भाग आटला, इजिप्तचे कालव्याचे उत्पन्न २०२३ मधल्या दहा अब्ज डॉलरवरून पुढच्या वर्षी चारच्या आसपास आले. त्या आकड्याची बातमी जगभर झाली. निफाड-दिंडोरीच्या नुकसानीची जगात कोणी दखल घेतली नाही.

मग आपली स्वतःची जहाजे असावीत का? हा प्रश्न आज पुन्हा चर्चेत आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात २५ हजार कोटींच्या सागरी विकास निधीची घोषणा झाली. प्रश्न नवा नाही आणि त्याचे पहिले मोठे उत्तर सोलापुरात जन्मलेल्या एका माणसाने दिले होते. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांच्या सिंदिया कंपनीचे ‘एस. एस. लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन झाला. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणले. बांधून ठेवण्याची युक्तीही होती: व्यापाऱ्याला सूट द्यायची, पण ती हाती पडायला ठराविक मुदतीपर्यंत आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे माल द्यायचा नाही. आणि १९२३ च्या करारात सिंदियाने एकूण किती टनांची जहाजे बाळगावीत, यावरच मर्यादा घातली गेली. स्पर्धकाचा दर नव्हे, त्याची क्षमता बांधायची, हे त्या काळच्या धुरंधरांना नेमके कळत होते. अर्थात स्वतःचा ताफा असला म्हणून केपचा वळसा लहान होत नाही. पण टंचाईत पहिली पेटी कोणाची चढवायची, हे ठरवण्याची संधी मिळते. तिचे मोल शांततेच्या वर्षांत ताळेबंदात दिसत नाही.

आकड्यांच्या या गर्दीत माणसे हरवू नयेत म्हणून पुस्तकाचा एक भाग खलाशांसाठी राखला आहे. करोनाच्या ऐन भरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावरच अडकले, कारण बहुतेक देश त्यांना उतरू देईनात. ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर हुथींचे क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी मेले. २१ जणांना भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले. जगाला सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या देशांत भारत आहे आणि कोकणातली अनेक घरे या पगारावर चालतात. जहाज, अंतर, वेग आणि बंदर यांच्या मेळात पाचवा घटक माणूस आहे. तो थकला, घाबरला किंवा उतरू शकला नाही, तर बाकीचा हिशोब कागदावरच राहतो.

हे पुस्तक व्यापाऱ्यांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि दुकानातल्या वस्तूचा भाव का चढला असे विचारणाऱ्या कोणासाठीही आहे. पहिल्या भागात क्षमता कशी मोजतात ते सोप्या उदाहरणांनी मांडले आहे. मधल्या भागात २०१६ पासूनचे व्यत्यय एकेक करून तपासले आहेत. शेवटी भारताचे पर्याय येतात. वाचताना प्रत्येक प्रकरणाला तीन प्रश्न विचारावेत. जहाजे कमी झाली की फेऱ्या? शिल्लक कोणी काढली? तिच्या अभावाचे बिल कोणाला आले? पुढचा अडथळा कुठे येईल हे सांगण्याचा दावा इथे कोणी केलेला नाही. पण तो आल्यावर या तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतील, आणि तोवर राखीव जागेचा खर्च कोणी उचलायचा हे ठरलेले नसेल, तर तो नेहमीप्रमाणे ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याच खात्यावर पडेल.